जोडीचा नियम

नदीकाठच्या वस्तीतून येणारी बस अजून आली नव्हती आणि डेपोच्या कंट्रोलरचा जीव टांगणीला लागला होता. त्या बसवर त्याची मुलगी कंडक्टर होती. नोकरीचा पहिलाच दिवस. ड्रायव्हरही त्यांच्यासारखाच टेकडीवाला. म्हणजे बसवर नदीवाला एकही नाही. या डेपोत असं कधी घडलं नव्हतं.

परक्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी टेकडीवाल्यांच्या हाती स्टिअरिंग दिलं आणि नदीवाल्यांच्या गळ्यात तिकिटांची पिशवी अडकवली. हे दणकट, ते हिशेबी, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. परके गेले, टेकडीवाले-नदीवाल्यांत दंगल पेटली, बस जळल्या. मग चार शहाण्यांनी बसून त्याच वाटणीचा नियम केला. प्रत्येक बसवर एक टेकडीवाला, एक नदीवाला. आपलाच माणूस आत असताना दगड कोण मारणार? दगड खरंच थांबले. फक्त टेकडीवाल्याच्या मुलीने कंडक्टर व्हायचं ते स्वप्नात.

नव्या मॅनेजरबाईंनी हल्लीच तो नियम मोडीत काढला. "आता कसले टेकडीवाले न् कसले नदीवाले?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा कंट्रोलरने हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. नदीकाठी मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कंडक्टरची नोकरी म्हणजे त्यांच्या पोरांची हक्काची भाकरी होती.

"ड्रायव्हर, चहा घे," मामा म्हणाले. "बघून बघून खिडकीला भोक पाडशील."

मामा नदीवाले. कंट्रोलर ड्रायव्हर होता तेव्हा तेच त्याचे कंडक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी डेपोतच चहाची टपरी टाकली होती.

"फोन उचलत नाहीये रे ती."

"तिकिटं फाडेल की फोन उचलेल? तू गाडीवर असताना बायकोचा फोन घ्यायचास?"

"तेव्हा फोन होते कुठे?"

"म्हणून तर सुखात होतास."

एरवी कंट्रोलर हसला असता. आज त्याने चहाचा पेला तसाच बाजूला ठेवला. शेवटी न राहवून त्याने विचारलंच, "मामा, तुझा पुतण्या पुलापाशीच असतो ना? त्याला जरा विचारतोस, बस गेली का?"

मामांचा हात किटलीवरच थांबला. "बस गेली का विचारू, की काच फुटली का विचारू?"

कंट्रोलर पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

"जन्मभर तुझ्या मागे उभं राहून घंटी मारली. आणि आज मी नदीवाला झालो?"

"तसं नाही रे…"

"तसंच आहे."

मामा चिडले की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज मात्र ते एवढंच बोलले आणि मुकाट्याने कंट्रोलरच्या शेजारी खिडकीशी येऊन उभे राहिले. ते पाहून कंट्रोलरला जास्तच धडकी भरली.

बस फाटकातून आत वळली. काचा शाबूत होत्या. पुढच्या दारात, दांडा घट्ट धरून, मामांची बायको उभी होती.

मुलगी उतरून आली. तिचा चेहरा उतरला होता. "पुलावर पोरं रस्ता अडवून उभी होती, बाबा. मामी दारात जाऊन उभी राहिली. एकेकाला हाक मारून त्याच्या आईची चौकशी केली. मग पोरं हळूहळू झाली बाजूला."

"हातात दगड होते?"

"मी हातांकडे बघितलंच नाही. मामी पुढेही दारातून हलली नाही. बस म्हटलं तरी बसेना. तिकीट मात्र हट्टाने घेतलं."

मामी रिकामी पिशवी सावरत जवळ आली. "बाजारात काम होतं. हेच म्हणाले, याच गाडीने जा."

कंट्रोलरने मामांकडे पाहिलं. मामा किटलीचं झाकण उघडून आत काहीतरी शोधत होते. कंट्रोलरला कसंनुसं झालं.

"उद्याही मला हीच ड्यूटी लावा हं, बाबा," मुलगी पिशवीचा पट्टा नीट करत म्हणाली.

कंट्रोलर मामीकडे वळला. "वहिनी," तो म्हणाला, "उद्या बाजारात काही काम आहे का तुमचं?"

उत्तर मामांनीच दिलं. "काढू काहीतरी. पण ड्रायव्हर, रोज रोज काम आणायचं कुठून?"