तुआनपेक्षा खाली

साखर कारखान्याचा गोरा साहेब, तुआन फेरमास, जपान्यांच्या छावणीतून सुटला आणि घरी यायला निघाला, असं स्टेशनवरून कळलं, तेव्हा सोन्तो गुडघ्यांना खोबरेल चोळायला बसला. बायकोनेच, जिनेमनेच, त्याला बसवलं होतं.

"जन्मभर उकिडवे चाललात ना? आताच काय झालं?"

"मधे जपानी होते. त्यांना उभ्याने वाकलेलं चालायचं."

"तुआनला नाही चालत. नीट चाललात तर बंगल्यामागच्या दोन खोल्या आपल्या राहतील. नाहीतर जा भावाकडे, बकऱ्यांत झोपायला."

साखर कारखान्याच्या बंगल्यातला नियम साधा होता. नोकराने व्हरांड्याच्या पायरीशी उकिडवं बसायचं आणि तसंच सरकत साहेबापर्यंत ट्रे न्यायचा. नोकराचं डोकं साहेबाच्या डोक्याहून खाली हवं. साहेब नेहमी खुर्चीत असे, त्यामुळे कधी अडचण आली नव्हती.

तुआन दुपारी चालत आला. सोन्तोने आधी ओळखलंच नाही. जपान्यांनी धरून नेला तेव्हा तो दारातून जेमतेम मावायचा. आता सदरा खांद्यांवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. खुर्चीत बसला आणि कळवळून उठला. बसायला अंगावर मांसच उरलं नव्हतं. मग तो सरळ फरशीवर उकिडवा बसला, बाजारात केळी विकणारे बसतात तसा.

सोन्तो ट्रे घेऊन सरकू लागला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, की दोघांची डोकी एकाच उंचीवर आहेत. त्याने मान खाली घातली. पुरेना. कोपरं टेकली. कॉफी बशीत आली.

"काय चाललंय, सोन्तो?"

"खाली होतोय, तुआन."

"आणखी खाली जागा नाही."

"तेच बघतोय."

तेवढ्यात रस्त्यावरून एक जपानी शिपाई सायकलवरून चालला होता. हरलेला, बिनबंदुकीचा, हँडलला कोबी लटकवलेला. तुआन ताडकन उठला, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेतून काटकोनात वाकला. शिपाई गडबडला. मान हलवल्यासारखं करून पुढे गेला.

तुआन बऱ्याच वेळाने खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

सोन्तोने कोपरं उचलली, ट्रे दोघांच्या मधे ठेवला आणि मांडी घातली.

"सोमवारी भोंगा वाजवला तर माणसं कारखान्यात येतील?" तुआनने विचारलं.

पूर्वी सोन्तो हो म्हणाला असता. साहेबाला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

"नाही येणार, तुआन."

"आणि तू?"

जिनेम खांबाआड उभी होती. सोन्तोला बकऱ्या आठवल्या.

"मी येईन. पण उभ्याने चालणार. आणि मागच्या खोल्या आमच्या."

"नाहीतर?"

"नाहीतर तुआनना कॉफी स्वतः करावी लागेल."

"मला येते. छावणीत शिकलो." तुआनने एक घोट घेतला. "ही कॉफी नाही."

"भाजलेला मका आहे."

साहेबाला कॉफी करता येत असेल, याचा सोन्तोने विचारच केला नव्हता. "मग तुआनना माझी गरजच नाही," तो म्हणाला.

तुआनने रिकाम्या बंगल्याकडे पाहिलं. आत पलंगही उरला नव्हता.

"छावणीत एका फळीवर आम्ही पाच-सहा जण झोपायचो," तो म्हणाला. "शेजारी कुणी घोरत नसलं तर आता मला झोप येत नाही. खोल्या ठेव तू. एकीत मला जागा होईल?"

सोन्तोने खांबाकडे पाहिलं.

"बाहेरची देऊ," जिनेम तिथूनच म्हणाली. "पण दिवा लवकर घालवायचा, म्हणावं. तेल महाग आहे."