पडद्यावरची कोरी चौकट

सकाळी साडेदहा वाजता, निलंग्याच्या बसस्थानकासमोरच्या सेवा केंद्रात, वाजिदभाईंनी माझ्यावर दिसणाऱ्या जाहिराती बंद केल्या. त्यांनी ॲड ब्लॉकर नावाची सोय संगणकात बसवली आणि पान पुन्हा उघडले. जिथे दिवसभर काहीतरी लुकलुकत असे, तिथे पांढरी कोरी जागा दिसू लागली. घटना एवढीच होती.

मी एक जुना मॉनिटर आहे, मित्रांनो. मॉनिटर म्हणजे संगणकाचा पडदा. हिशेब संगणक करतो, मी फक्त दाखवतो. माझ्या डाव्या कडेला एक उभी हिरवी रेघ कायमची उमटली आहे आणि माझा उजेड आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. जाहिराती असाव्यात की नसाव्यात यावर माणसे माझ्यासमोर बसून पुष्कळ भांडली. माझे मत कुणी विचारले नाही, आणि ते सांगण्याची हौसही आता उरलेली नाही. जे पाहिले तेवढे सांगतो.

मी कुठे बनलो हे मला ठाऊक नाही. पाठीवरची चिठ्ठी कधीच निघून गेली. माझी पहिली नोकरी लातूरला, एका दैनिकाच्या कार्यालयात, पाने लावण्याच्या टेबलावर. तेव्हा माझे कौतुक होते. माझ्यावरचे रंग बघायला लोक शेजारच्या टेबलावरून उठून येत. तिथे मी रोज एकच गोष्ट पाहिली. आधी जाहिराती जागेवर बसत आणि उरलेल्या जागेत बातम्या. उशिरा एखादी जाहिरात आली, की शिरूर अनंतपाळच्या पाणीटंचाईची बातमी खालून कापली जाई. उपसंपादक कुरकुर करत, पण जाहिरात काढा असे कुणी म्हणत नसे. सगळ्यांचे पगार तिच्यावरच होते.

मात्र त्या कार्यालयात एक गृहस्थ होते. आलेली प्रत्येक जाहिरात ते नाकावर चष्मा ओढून वाचत आणि संशय आला की देणाऱ्याला बोलावून घेत. तसा वाचणारा माणूस मला पुढे कुठे दिसला नाही.

नवे पडदे आले तेव्हा मला कोपऱ्यात ठेवले. माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवू लागले. पुढे जुन्या सामानाच्या विक्रीत वाजिदभाईंनी मला घेतले, चादरीत गुंडाळले आणि एसटीत मांडीवर धरून निलंग्याला आणले. त्यांनी माझी फार निगा राखली. दुकान उघडले की आधी माझी काच पुसत, मग बाकीचे काम.

इथे पीक विम्याचे अर्ज, दाखले, परीक्षांचे निकाल असे सगळे माझ्यावरून गेले. पुनमचा अर्जही इथूनच गेला. ती शिरूर अनंतपाळकडची मुलगी. तिला कृषी पदविकेला प्रवेश हवा होता. प्रवेशाची बातमी 'तेरणाकाठ' या स्थानिक संकेतस्थळावर आली होती. बातमीखाली एका चौकटीत 'अर्ज करा' असे हिरवे बटण होते. ते बटण बातमीचे नव्हते, जाहिरातीचे होते. वाजिदभाईंना ते कळले नाही. त्यांनी ते दाबले, सगळी माहिती भरली आणि पोचही छापून दिली. खऱ्या यादीत पुनमचे नाव आलेच नाही, तेव्हा उलगडा झाला. तोवर मुदत संपली होती. पुनम रागावली नाही. ती बाकावर बसून ती खोटी पोच घड्या घालत आणि उलगडत राहिली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला वाजिदभाईंनी जाहिराती बंद केल्या.

दुपारी दयानंद आला. 'तेरणाकाठ' त्याचेच. मालक तोच, बातमीदार तोच, फोटो काढणाराही तोच. तो आणि वाजिदभाई शाळेपासूनचे मित्र. त्याने माझ्यावरची कोरी जागा पाहिली आणि उभ्यानेच बोलू लागला.

"वाज्या, माझ्याच पोटावर पाय दिऊन राहिलास व्हय?"

"तुझं पोट हाय, अन् त्या पोरीचं वरीस गेलं ते?"

"ती जाहिरात म्या लावली का? त्या जागंत बाहेरून येत्यात. कोणती येईल ते मला बी ठाव नसतं."

"तेच म्हणून राहिलो मी. दार सताड उघडं ठिवायचं, अन् कोण शिरलं ठाव न्हाई म्हणायचं."

"मग म्या तालुकाभर हिंडून बातम्या आणायच्या, तुम्ही फुकट वाचायच्या. अन् म्या काय खायाचं? हवा?"

"चहा पी आधी. तापलास लई."

दयानंद चहा प्यायला, पण ब्लॉकर तसाच राहिला. दोघांचेही म्हणणे मला पटले. फार वर्षे दाखवण्याचे काम केले की असे होते.

त्या दिवसापासून मी निवांत झालो. सगळ्यांत खूश होते ते श्रीमंत मास्तर. श्रीमंत हे त्यांचे नाव; ते एसटीतले निवृत्त वाहक. डेपोत वाहकाला मास्तर म्हणतात, तेच नाव त्यांना चिकटले. मोबाइलवरची अक्षरे त्यांना दिसत नाहीत. म्हणून ते रोज दुपारी केंद्रात येत, माझ्यासमोर बसत आणि 'तेरणाकाठ' वरपासून खालपर्यंत वाचत.

"आज लई साफ दिसून राहिलं, वाजिदभाई," ते म्हणाले. "नवा चष्मा लावल्यावानी."

वाचता वाचता ते बहुतेक वेळा नरसिंगबद्दल बोलत. नरसिंग त्यांच्या गाडीचे चालक. निलंगा ते नांदेड फेरीवर दोघांची जोडी नोकरीभर टिकली. निवृत्तीनंतर नरसिंग मुलाकडे नायगावला राहायला गेले. मास्तरांच्या मोबाइलमधला त्यांचा नंबर केव्हाचा बंद झाला होता. "सोयाबीन निघालं की जाऊन यीन म्हणतो," असे मास्तर म्हणत आणि पुढची बातमी वाचत.

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी वीरभद्र नावाचे दुसरे निवृत्त चालक हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रात आले. मास्तरांना पाहून थबकले.

"मास्तर, तुमी इथं? अन् नायगावला कसं दिसला न्हाईत?"

"नायगावला कशाला?"

"कशाला काय म्हणता? नरसिंगच्या तेरवीला. समदा डेपो आल्ता की."

"कोण नरसिंग?" मास्तरांनी विचारले. नरसिंग एकच होता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होते.

"त्याचं पोरगं, रविकिरण, सारखं इचारून राहिलं, श्रीमंतकाका आले का, काका आले का. जेवणाच्या पंगती थांबवल्या त्यानं. त्याच्याकडं कुणाचा नंबर न्हवता, म्हणून 'तेरणाकाठ'वर दिलं. निलंग्यात समदे वाचत्यात म्हणून. फोटोसकट रोज येतंय."

"म्या रोज वाचून राहिलो," मास्तर म्हणाले. "इथंच बसून. एक अक्षर सोडलं न्हाई."

वाजिदभाईंनी आपला मोबाइल काढला आणि तेच पान उघडले. बातमीखालच्या चौकटीत खाकी गणवेशातले नरसिंग होते. खाली तेरवीची तारीख आणि नायगावचा पत्ता होता. दयानंदकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली आणि बाहेरच्या जाहिराती एकाच चौकटीत पाळीपाळीने फिरतात. ब्लॉकरने ती चौकटच झाकली होती. खोटे बटण गेले, त्याच्याबरोबर नरसिंगही गेले. माझ्याकडे ते पोचलेच नाहीत. पोचले असते तर मी दाखवले असते. मला दुसरे काही येत नाही.

दयानंदला बोलावणे गेले. तो आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"माणूस मेल्याची बातमी जाहिरातीच्या डब्यात कशाला टाकलीस?" वाजिदभाई म्हणाले.

"बातमी म्हणून टाकली तर समदेच म्हणत्यात आमची बी टाक. मग जाहिरात कोण देईल? अन् झाकली कुणी, मी का तू?"

"झाकली मी. हाव. कबूल. पन..."

"भांडू नका," मास्तर म्हणाले. "आमची गाडी कधी माझ्या डबल बेलबिगर हालली न्हाई. येकदा बी न्हाई. मी खाली उतरून चहा पिऊन राहिलो तर त्यो गपचिप बसून राहायचा. ह्याच टायमाला निघाला बघा, मला न इचारता."

मग त्यांनी फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायला सांगितला. वाजिदभाईंनी त्या पानापुरता ब्लॉकर बंद केला. चौकटीत आधी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. मग नरसिंग आले. मास्तर पुढे झुकले, तेवढ्यात ते गेले. मग तेच हिरवे बटण आले, 'अर्ज करा'. वाजिदभाईंनी ते पाहिले आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

मास्तर अजूनही रोज येतात, पण बातम्या वाचत नाहीत. फक्त चौकटीकडे बघत बसतात.

मित्रांनो, मी थकलो आहे, म्हणून थोडक्यात मागतो. काच पुसा, नको ते अडवा. पण पुसताना त्याबरोबर कुणाचा फोटो जातो आहे का, ते एकदा बघत जा. आणि आपल्या भिंतीवर दुसऱ्याला जागा देणार असाल, तर तो काय लावतो ते आधी वाचत जा.

ताजी माहिती अशी. नरसिंगची जाहिरात महिनाभरासाठी दिलेली होती. ती उद्या निघेल. निधनाच्या बातम्या वेगळ्या पानावर लावण्याचे दयानंदने कबूल केले आहे, अजून लावलेल्या नाहीत. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले आहेत आणि पुनम सोमवारी याच खुर्चीवर अर्ज भरायला येणार आहे. ब्लॉकर कुणासाठी चालू ठेवायचा आणि कुणासाठी बंद, हे वाजिदभाईंनी ठरवलेले नाही.

आत्ता मास्तर माझ्यासमोर बसले आहेत. चौकटीत हिरवे बटण आले आहे. मास्तर ते जाण्याची वाट बघत आहेत.