मांडीवरची जागा

आमच्या लेखनवर्गात मला मागून, सगळ्यांचं लिखाण कापते म्हणून, 'कैचीबाई' म्हणतात. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं आणि खरं सांगायचं तर राग येण्याऐवजी बरंच वाटलं. गोंदियात एका वाचनालयाच्या माडीवर हॉल आहे, तिथे दर रविवारी दहा ते बारा मी वर्ग घेते. आठवडाभर शाळेत पोरांना मराठी शिकवायचं आणि रविवारी मोठ्या माणसांना गोष्ट लिहायला शिकवायचं. पंधरा-सोळा जण येतात. सगळ्यांना वाटतं की आपल्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, आणि ते असतंही. फक्त त्यावर शब्दांचा एवढा पाला पडलेला असतो की खालची जमीन दिसत नाही.

माझे नियम ठरलेले आहेत. 'ती खूप दुःखी होती' असं कुणी लिहिलं की मी वही परत करते. दुःखी बाई काय करते ते लिहा. पोळी करपू देते का? दारापर्यंत जाऊन परत येते का? दुसरं, गोष्ट लिहून झाली की पहिला परिच्छेद खोडून बघा, दहात सात वेळा गोष्ट दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते. तिसरं, लिहिलेलं मोठ्यानं वाचा, जीभ जिथे अडखळते तिथे वाक्यात खडा आहे. आणि चौथा माझा सगळ्यात लाडका नियम होता, माणसं कमी करा. ज्याला काढलं तरी गोष्ट उभी राहते, त्याला गोष्टीत जागा नाही. हा नियम मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढायची.

आता ओढत नाही. का ओढत नाही, ते सांगते.

माझी माय, गोमतीबाई, मागच्या वर्षी माझ्याकडे गोंदियाला राहायला आली. आमचं गाव दरेकशाच्या बाजूला, स्टेशनापासून दोन कोस आत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, तिचं हृदय अधूनमधून दगा देत होतं, आणि गावात डॉक्टर नाही. मी जवळजवळ ओढूनच आणली तिला. ती खिडकीशी बसायची, रस्त्यावरच्या ऑटो बघायची आणि मी वह्या तपासत बसले की माझ्याकडे बघायची. मायला सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता येत नव्हतं.

एकदा म्हणाली, "लोकायच्या गोष्टी खोडत राहतेस वं दिवसभर. आपल्या घरची लिव ना कई."

"काय लिहू, माय?"

"नीतूची लिव."

नीतू माझी मोठी बहीण. सात वर्षांची होऊन गेली, तेव्हा मी, घरची योगी, पाच वर्षांची होते. चाळीस वर्षं झाली त्याला. आमच्याकडे एवढं लहान लेकरू गेलं की त्याला मातीत देतात. तेरवी होत नाही, पितरांच्या दिवशी पानं मांडताना त्याचं नाव घेत नाहीत. माय मात्र सगळी पानं मांडून झाली की शेवटी एक लहानसा द्रोण ठेवायची, काही न बोलता. बाबा बघायचे आणि तेही बोलायचे नाहीत.

"फोटो नाई तिचा," माय म्हणाली. "तुह्या बापालेच ठाऊक होती, ते गेले. मी गेली का तिचं नाव घेनारं कोनी नाई. कागदावर राहीन तं राहीन."

मी लिहिते म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

मला माहीत होतं ते एवढंच. नीतूला ताप होता, चार दिवस उतरत नव्हता. बाबा बैल बघायला बाहेरगावी गेले होते. मायनं आम्हा दोघींना घेतलं, दरेकशाला गाडी पकडली, गोंदियाच्या डॉक्टरकडे निघाली. आमगाव सुटल्यावर नीतू गाडीतच गेली. माय त्याच दिवशी परतीच्या गाडीनं तिला घेऊन गावी आली. घरात याहून जास्त कधी कुणी बोललं नव्हतं.

पहिला खर्डा झाला तेव्हा त्यात नीतू होती, माय होती, मी होते, बाबा होते, तो लहान द्रोणही होता. एकवीसशे शब्द. त्याच महिन्यात एका दिवाळी अंकाची कथास्पर्धा आली, मर्यादा पंधराशे शब्दांची. मला मोह झाला. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय, एकदा आपलंही नाव छापून यावं असं वाटणं काही गुन्हा नाही. कैची काढून बसले.

गोष्टीतून आधी बाबा गेले, ते बाहेरगावीच होते, त्यांना काढायला काही लागलं नाही. मग द्रोण गेला, कारण तो समजवायला सहा ओळी लागत होत्या. तरी दोनशे शब्द जास्तच होते. आणि माझ्या लक्षात आलं की डब्यात दोन पोरी आहेत. एक आजारी, मांडीवर. दुसरी, म्हणजे गोष्ट सांगणारी मी, नुसती बघतेय. वर्गात कुणी अशी गोष्ट आणली असती तर मी काय म्हटलं असतं? दोन पोरी कशाला, एक करा. जी सांगतेय तिलाच ताप येऊ द्या, गोष्टीला जोर येईल.

मी तसं केलं. नीतूला काढलं आणि मायच्या मांडीवर मी जाऊन पडले. आता सांगणारीच मेली तर गोष्ट सांगणार कोण, म्हणून शेवटी पोरगी वाचली. डब्यातली माणसं धावून आली, माय हमसून हमसून रडली, कुणी पाणी दिलं, कुणी स्टेशनवर डॉक्टर गाठून दिला. चौदाशे ऐंशी शब्द झाले. मोठ्यानं वाचली, जीभ कुठेच अडखळली नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. शाळेत पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडची प्रत वाचली आणि म्हणाले, "मॅडम, लहानपणी एवढ्या आजारी होतात, कधी बोलला नाहीत." मी हसले. आता आठवलं की त्या हसण्याची मला किळस येते.

अंक हातात आला त्या बुधवारी संध्याकाळी मी मायजवळ बसले. तिनं लुगडं नीट केलं, केसांवरून हात फिरवला, पाहुणे येणार असल्यासारखी सावरून बसली. मी वाचायला लागले. मला वाचता चांगलं येतं, आवाज कुठे खाली घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं ठाऊक आहे. दरेकशाचं स्टेशन आलं तेव्हा मायनं मान हलवली. गाडी आली, सालेकसा गेलं, आमगाव आलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला वाटत होतं गोष्ट तिला भिडतेय. ती बिचारी एका नावाची वाट बघत होती.

गोष्ट संपली. मी अंक मिटला. आणखी पान असेल असं वाटून मायनं मिटलेल्या अंकाकडे बघितलं.

"आनि नीतू?" तिनं विचारलं.

मी काहीतरी बोलायला लागले. गोष्ट म्हणजे जसं घडलं तसं नसतं माय, त्यात माणसं कमी करावी लागतात, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, शब्दांची मर्यादा असते. वर्गात जे पंधरा जणांना पटतं ते सगळं तिला सांगितलं.

"पंधराशेच शब्द होते माय."

"नाव तं एकच शब्द आहे ना वं तिचं," माय म्हणाली.

तिला रागही आलेला नव्हता, आला असता तर बरं झालं असतं. तिनं अंकावरच्या चित्रावरून बोट फिरवलं आणि चूक दुरुस्त करावी तसं सांगायला लागली.

"मांडीवर तू नव्हतीस. तू तं खिडकीपाशी बसून मुरमुरे खाऊन राहिली होतीस. आनि मले कायले रडवलंस? मी रडली नाई."

"अजिबात नाही?"

"रडाले भेटलं नाई. आमगावापुढे लेकरू थंड पडलं. मले समजलं. आवाज केला असता तं उतरवून देल्लं असतं गाडीतून, कोनत्या ठेसनावर कोन जाने. मले तिले घरी आनाचं होतं. तोंडावर पदर टाकला आनि वारा घालत राहिली. बाजूची बाई विचारे, झोपली का? मी म्हनो, हो, आत्ताच डोळा लागला. गोंदियाले उतरली, त्याच फलाटावर बसून राहिली, परतीची गाडी आली, बसली. दरेकशापर्यंत वारा घातला तिले."

जाता येता मिळून तो दिवसभराचा वारा. मी चाळीस वर्षं त्या बाईची लेक म्हणून वावरले, तिच्या हातचं खाल्लं, आणि तिनं मेलेल्या लेकराला पदरानं वारा घातला हे मला माहीत नव्हतं. मी तिला हमसून रडवलं होतं, तेही दहा ओळी. दुःखी बाई काय करते ते लिहा, म्हणणारी मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना दरवर्षी वाक्यात उपयोग करायला देते.

"ते मुरमुरे," माय पुढे म्हणाली, "तिच्यासाठीच घेतले होते ठेसनावर. तिच्या तोंडात जात नव्हते. तिनंच पुडी सरकवली तुह्याकडे. म्हने, योगीले दे माय, भूक लागली तिले. मंग काई बोलली नाई."

मी रडले. मायनं माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू चूक तिचीच होती.

"माय, मी पुन्हा लिहिते," मी म्हटलं. "तिचं सगळं सांग मला. कशी दिसायची, काय खेळायची, भांडायची का माझ्याशी. सगळं."

"सांगीन ना. आता बस, घे कागद."

घड्याळात आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, तिची फाईल अर्धी राहिली होती. शुक्रवारी बक्षीस समारंभाचं भाषण लिहायचं होतं, शनिवारी समारंभ. मी म्हटलं, "असं घाईत नको माय. रविवारी बारा वाजता वर्ग सुटला की निवांत बसू. सबंध दुपार आपली."

"बरं," माय म्हणाली. "रविवारी."

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन गेले तर ती खिडकीशी बसल्या बसल्याच गेलेली होती. कप अजून माझ्या हातात गरम होता. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. झाला असता तरी तिनं आवाज केला नसता, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

तेरवी झाली, नातेवाईक गेले, घर रिकामं झालं. मी कागद घेऊन बसले. एखादं माणूस उभं राहत नसेल तर मी वर्गात एक सराव देते, त्याच्या हातांबद्दल दहा ओळी लिहा. मी लिहिलं, 'नीतूचे हात'. पुढे काही नाही. गोरी होती की सावळी? केस किती लांब? मला मारायची का, कडेवर घ्यायची का? डोळे मिटून बसले तर मुरमुऱ्यांची चव आठवते, खारट, थोडी मऊ पडलेली. पुडी सरकवणारा हात आठवत नाही. मी पुडीकडे बघत होते, ताईकडे नाही. पाच वर्षांची होते, कुणी दोष देणार नाही. पण पंचेचाळीस वर्षांची झाल्यावरही मी तेच केलं, त्याला दोष कुणाला द्यायचा?

पंधरा रविवार बसले. शेवटी जे झालं ते अर्धं पान. गाडी, मांडी, पदराचा वारा, पुडी, आणि 'योगीले दे माय'. ते मी वर्गात नेलं आणि कुणाचं आहे ते न सांगता वाचून दाखवलं. नंतर विचारलं, बोला, काय सुधारायचं?

ओमेशजी उठले. रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी करतात, पन्नाशीचे आहेत, आणि माझा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेणारे तेवढे एकच.

"मॅडम, ही नीतू काढली तर?" ते म्हणाले. "खिडकीजवळच्या पोरीलाच मांडीवर घ्यायचं. तरी गोष्ट उभी राहते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर पटकन आलं, अशा झटपट उत्तरांबद्दल वर्गात माझं कौतुकच व्हायचं.

"उभी राहते," मी म्हटलं. "तरी तिला काढायचं नाही."

"मग तिचं काहीतरी द्या ना," ओमेशजी म्हणाले. ते बरोबर बोलत होते, मीच शिकवलेलं बोलत होते. "वेणी, फ्रॉक, काहीतरी. नुसतं नाव आहे, पोरगी दिसत नाही."

"मला माहीत नाही ती कशी दिसायची," मी म्हटलं. "जिला माहीत होतं तिला मी रविवारी बारानंतरची वेळ दिली होती."

ओमेशजी हळूच बसले आणि वही मिटून घेतली. हॉलमधल्या घड्याळात साडेअकरा झाले होते. मी सगळ्यांना सांगितलं, आज घरी जा, आणि घरात जे कुणी म्हातारं माणूस असेल त्याच्याजवळ आत्ताच बसा.