झडप काढल्यावर

"झडप काढते हं काका. घाबरू नका," शुभदा म्हणाली, आणि घाबरली ती बजाबाई.

तिच्या नवऱ्याचं, कुंडलिकचं स्वरयंत्र कॅन्सरपायी काढून टाकलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची बोली पुकारणारा माणूस हा; वळसंगला घरी आला तरी शेजाऱ्यांशी लिलावाच्याच पट्टीत बोलायचा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी घशात छोटीशी झडप बसवली. श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक अंगठ्यानं दाबून श्वास सोडला, की घोगरा का होईना, आवाज यायचा. गेल्या आठवड्यात तोही बंद झाला.

मधल्या काळात बजाबाईनं भलतंच करून ठेवलं होतं. रोज ब्रश फिरवून झडप झिजेल, या धास्तीनं तिनं ती साफ करणंच सोडलं. वर त्याला बोलूही देईना. "जपून वापरा की, सरंल," म्हणायची. आवाज म्हणजे काय रॉकेल आहे!

शुभदा इस्पितळातली आवाजाची तज्ज्ञ. तिनं आडपडदा ठेवला नाही. "मावशी, झडप म्हणजे हवेची नुसती वाट, आवाज घशाचाच. आता झडपेशिवाय आवाज आला, तर दोष झडपेचा. नवी बसवू. नाही आला, तर घशातच काहीतरी आहे. मग दुर्बीण घालून बघावं लागेल."

"म्हंजे परत त्योच रोग?"

"तोच असेल असं नाही. पण बघावं लागेल."

झडप निघाली. "गिळू नका काका, थुंकी श्वासात जाईल. भोक दाबा आणि 'आ' म्हणा."

कुंडलिकनं अंगठा ठेवला, तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. ते किरणांचे शेक, त्यांनी सोललेली मान, सगळं परत बजाबाईच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पण एवढ्या वर्षांत नवऱ्याची छाती तिला पाठ झाली होती. ती हलतच नव्हती. गडी श्वासच सोडत नव्हता.

"अवो, तुमी फुकतच न्हाय की."

त्यानं मान खाली घातली. तिनं शुभदासमोरच त्याचा गुडघा धरला. "फुका. काय व्हायचं ते हू द्या. मी हाय हितं."

छाती भरली आणि रिकामी झाली. आवाज आला. ओलसर, खरखरीत, पण शब्द कळत होते.

"भ्या वाटतंय गं."

"आला की आवाज काका. झडपच बुरशीनं गच्च झालीय," म्हणत शुभदा नवी आणायला वळली.

अख्ख्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता. बजाबाईनं गुडघा सोडला नाही.

"मलाबी," ती म्हणाली, आणि पदरानं त्याच्या गळ्याभोवतीची ओल टिपत राहिली.