पाखऱ्याच्या शेपटाची राखण

त्या कार्तिकात तलवाड्याला छबुबाईच्या गोठ्यात होतं ते असं: तट्टू एक, नाव पाखऱ्या, करडईच्या तेलाची बाटली एक, अर्धी, आणि पाखऱ्याचं काळंभोर शेपूट, जमिनीपासून चार बोटं वर. ही चार बोटं छबुबाईनं दोनदा मोजली होती, एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या.

मोजायचं कारण राधाकिशनबापू. गावातले बडे जमीनदार. वैशाखाच्या शेवटी त्यांच्या पोराचं लग्न, आणि पोराला वरातीला पाखऱ्याऐवजी हवी होती टेप लावलेली नवी मोटार. बापूंनी तोडगा काढला. जमिनीला टेकणाऱ्या शेपटाचं जनावर वरातीला शुभ, असं जुनी माणसं म्हणत. "शेपूट टेकलं तर नवरदेव तुझ्या तट्टावर, छबुबाई. न्हाई तर मोटार."

मोटार ठरली, तर छबुबाईचा लेक सिदू पाखऱ्याला वीटभट्टीवर धाडणार होता. "बसून खाणारं जनावर कावून पोसायचं, माय?" छबुबाईनं भट्टीवरची तट्टं पाहिली होती. त्यांच्या पाठीवर केस उरत नाहीत.

शेपूट महिन्याला बोटभर वाढतं, हे तिला ठाऊक होतं. वेळ भरपूर होता. रोज गुंता सोडवायचा, तेल लावायचं, शेपटाच्या हाडाखालून सैल वेणी घालायची आणि ती जुन्या धोतराच्या पिशवीत ठेवायची. एवढं सगळं करूनही शेपूट वाढेना. दर बाजारच्या दिवशी पिशवीची गाठ सुटलेली असायची.

चोर शोधायची गरज नव्हती. ज्याच्या अंगावर चामखीळ, तो चोर. घोड्याच्या शेपटाचा केस बांधला की चामखीळ गळून पडते, हे सगळ्यांना माहीत होतं. केस जितका लांब तितका गुण लवकर, ही भर तलवाड्यानं पदरची घातली होती.

एका सकाळी ती शेण काढायला आली, तर पाखऱ्याच्या मागं पांढरं धोतर वाकलेलं.

"बापू, तुमी?"

"शेपूट किती वाढलं, ते बघत होतो." बापूंच्या मानेवर हरभऱ्याएवढी चामखीळ होती आणि बोटाला हातभर केस गुंडाळलेला.

"मंग बोटाला कावून गुंडाळलाय? माप घरी न्यायचंय का?" छबुबाईनं पदर खोचला. "न्या की. पर उपटलेला केस बांधला तर एकाच्या दोन व्हतात, एवढं ध्यानात ठिवा. आपसूक गळलेलाच चालतो."

बापूंनी विंचू झटकावा तसा केस झटकला. दुपारपर्यंत मल्लिनाथच्या किराणा दुकानावरून ही बातमी गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यापुढं अकरा माणसं, प्रत्येकाच्या हातात आपापली फणी. केस आपसूक गळावा म्हणून सगळे जोर लावून विंचरू लागले. पाखऱ्यानं दोघांना लाथ मारली, तरी रांग हटेना. पौष लागला तेव्हा छबुबाईनं मोजलं. पाच बोटं वर.

"लई भारी राखण केलीस, माय," सिदू म्हणाला. "भट्टीवाल्याला निरोप धाडू?"

दुसऱ्या सकाळी छबुबाई गोठ्याच्या तोंडाशी पाट टाकून बसली.

"फण्या हितंच ठिवा. गुंता बोटांनी सोडवायचा, तेल लावून, टोकाकडून वर. ज्याच्या हातून केस ताणला, त्याची चामखीळ नाकावर येती."

"नाकावर?" शेजारच्या साखराबाईनं विचारलं.

"शेंड्यावर."

साखराबाईनं फणी खाली ठेवली.

"अन् केस गळलाच न्हाई तर?" मल्लिनाथ म्हणाला.

"तर पाखऱ्याची मर्जी न्हाई. उद्या परत या. तेल संपलंय, येताना आणा."

मल्लिनाथनं येताना शांपूची पुडीही आणली. "हे तुमच्याच टकलाला लावा," म्हणून तिनं ती परत केली.

माणसं येत राहिली. पाखऱ्या खालचा ओठ लोंबवून, डोळे अर्धे मिटून उभा राही. सगळ्यांत हळुवार हात बापूंचा. जीभ दातांत धरून ते एकेक गाठ सोडवत. अख्ख्या फाल्गुनात एकच केस गळला, आणि तो कुणाचा यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

लग्नाच्या सकाळी मोटार गल्लीत येऊन उभी राहिली. बापूंचा पोरगा हॉर्न वाजवत होता. छबुबाईनं पाखऱ्याला सपाट फरशीवर आणलं, चारही पाय सरळ केले आणि वेणी सोडली.

"न्हाई टेकत," सिदू उभ्या उभ्या म्हणाला.

"तू गप बस बे. वाका, बापू."

बापू फरशीवर पालथे झाले. गाल जमिनीला लावून त्यांनी एकेक केस नखानं बाजूला केला आणि मोजला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजला.

फरशीला टेकलेले केस सात होते.