दोनवर थांबलेली मोळी

साल दोन हजार एकोणीस. जानेवारीचा महिना, ऊसतोड ऐन भरात, आणि पंकजा श्रीरामपूरच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात नोकरीला. एम.डी. होऊन तिला सहा महिने झाले होते. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं पुढचं शिक्षण घ्यायला पुण्याहून बोलावणं आलं होतं आणि येणार की नाही, ते त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. केडगावला वडिलांनी, सूर्यभानअण्णांनी, तिच्या दवाखान्यासाठी घराचा तळमजला रिकामा करून ठेवला होता. "बाळांच्या काचेच्या पेट्या कुठल्या भिंतीला लावायच्या, तेवढं सांग," असं ते रोज फोनवर विचारत.

पंकजाचा पाय मात्र अडत होता. शिकत असताना ती महिनाभर एका वेगळ्याच विभागात बसली होती. उशिरा बोलणारी, कुणाच्या नजरेला नजर न देणारी, शाळेत न टिकणारी मुलं तिथे यायची आणि तिथल्या डॉक्टरबाई जमिनीवर मांडी घालून त्यांना तपासायच्या. ते काम तिच्या मनातून जात नव्हतं. एकदा तिने अण्णांपाशी विषय काढून पाहिला होता. "पोरांशी खेळायचं? त्याला एवढं शिकायला कशाला लागतं?" ते म्हणाले, आणि पुढचं तिच्या तोंडातून फुटलंच नव्हतं.

त्या दुपारी पाथर्डीकडचं एक ऊसतोडीचं जोडपं आलं. सहादेव आणि रेश्मा. कडेवर साडेतीन वर्षांची राजनंदिनी.

"मागल्या महिन्यात आल्तो बाई. पोरगी बोलत न्हाई," रेश्मा म्हणाली.

पंकजाने जुनी चिठ्ठी पाहिली. अक्षर तिचंच होतं. भुकेचं औषध लिहून तिने तीन मिनिटांत त्यांची बोळवण केली होती. तिचे कान तापले.

रेश्माने पदराच्या गाठीतून अर्धा पेरू काढला. "पोपटानं उष्टावलेला हाय. सासूबाई म्हनल्या, चारला की पोरगी बोलती. आता चौथा हाय ह्यो. पेरू पोपटाचे संपले, पर हिचं काय त्वांड उघडंना."

पंकजा खुर्चीवरून उठली आणि खाली फरशीवर बसली. मुलीच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला, तशी मुलीने मान वळवली. नावाने हाक मारली, तर नाही. जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या पुढे ठेवल्या, तर मुलीने त्या एकापुढे एक ओळीने मांडल्या आणि पंकजाने एक सरकवली की ती परत जागेवर आणली.

दारातून छबूबाई मावशी डोकावल्या. पेशंटना नंबराने आत सोडायचं काम त्यांचं. "ताई, भाईर बावीस पेशंट हायेत अन् तुमी भातुकली मांडलीया व्हय?"

"तेवीस म्हणा मावशी. मलाही त्यांच्यातच धरा," पंकजा म्हणाली. मग सहादेवकडे वळली. "हिला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

रेश्माने नवऱ्याला कोपराने ढोसलं. शेवटी सहादेव लाजत म्हणाला, "मोळी. म्हंजी फडातनं आलो का मी हिला उसाच्या मोळीवानी उचलतो. एक, दोन अन् तीनला खांद्यावर."

"करून दाखवा."

"हितं?"

त्याने मावशींकडे एक चोरटी नजर टाकली आणि पोरीला धरलं. एक, दोन, तीन! राजनंदिनी खदखदून हसली. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी दोनवर सहादेवचा चेहरा वाकडा झाला. "खांदा धरलाय ओ. जरा दमा."

हाताशी आलेली मजा अडली. मुलीने मान वर केली आणि सरळ बापाच्या डोळ्यांत बघत राहिली.

"तसेच थांबा!" पंकजा ओरडली. "बघा, मागतेय ती. पुढचं म्हणा, असं सांगतेय."

"तीन," सहादेव कसाबसा म्हणाला. खांदा विसरून त्याने पोरीला वर घेतलं.

पंकजाने त्यांना खरं तेच सांगितलं. कान तपासून घ्यावे लागतील, आणखी तपासण्या होतील, औषधाची बाटली उपयोगाची नाही, आणि वर्षं लागतील. पण रोज दोनवर थांबायचं. पाणी देताना, भाकरी देताना, तसंच हातात धरून थांबायचं आणि तिने बघितलं की लगेच द्यायचं.

रेश्मा डोळे पुसत होती. "हिला काय आवडतं, आसं कुनीच इचारलं नव्हतं, बाई." पेरू तिने टेबलावर ठेवला. "ह्यो ऱ्हाऊ द्या तुमाला."

"खाऊ नका हो उष्टा!" मावशी म्हणाल्या.

पंकजाने तो खाल्ला नाही, पण तिची जीभ मात्र सुटली. पाचला दहा कमी असताना तिने घरी फोन लावला. "अण्णा, मी पुण्याला नाही म्हणतेय. काचेच्या पेट्या नकोत. सतरंज्या लागतील."

 एवढं म्हणून पंकजा दोनवर थांबल्यासारखी थांबली.

"किती?" अण्णांनी विचारलं.

पुढच्या वर्षी पंकजाला उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या त्या विभागात शिकायला जागा मिळाली. दोन वर्षांनी ती केडगावला येऊन त्याच तळमजल्यावर बसू लागली. आता ऊसतोडीच्या दिवसांत दर गुरुवारी ती ऊसतोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, जाते. सूर्यभानअण्णा रोज संध्याकाळी सतरंज्या झटकतात आणि मुलांच्या खेळात हरवलेले मणी शोधून डब्यात भरतात. छबूबाईंनी काम सोडलं, त्या राजूरला लेकीकडे असतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण जीभ तशीच आहे. सहादेव अजून ऊस तोडतो. पोरीच्या शाळेसाठी रेश्मा गावीच राहते. राजनंदिनी कमी बोलते, गर्दीत कानांवर हात ठेवते, पण दुसरीत आहे आणि पाढे तिला कुणापेक्षाही चांगले येतात. तिचा पहिला शब्द दवाखान्यातल्या त्या दुपारनंतर, त्याच वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आला होता. 'तीन.' ते सांगायला सहादेवने फोन केला होता, पण त्याला रडू आवरेना, म्हणून रेश्मानेच सांगितलं.

दर हिवाळ्यात पाथर्डीच्या एसटीने केडगावला पेरूंची पिशवी येते. त्यातला एकही उष्टा नसतो.