थोरलीनं केलेला फोन

थोरली एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. झाली एकवीस वर्षं. घरी आई आणि धाकटा भाऊ. धाकटा दारूपायी नोकरी, संसार सगळं घालवून बसला होता. दोनदा उपचार केंद्रात राहून आला. दुसऱ्यांदा आल्यावर मात्र टिकला. चौदा महिने थेंबाला शिवला नाही आणि प्रौढांच्या शाळेत चष्म्याच्या काचा घडवायला शिकू लागला.

घरात त्याच्याशिवाय विषय नव्हता. "आज त्यानं स्वतः काच घासून फ्रेममध्ये बसवली!" आई शेजारणीला बोलावून सांगायची. चष्म्याच्या मापाचा सराव म्हणून तो पट्टी घेऊन दिसेल त्याच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचा. आईचं एकसष्ट मिलिमीटर, शेजारणीचं चौसष्ट.

"ताई, सरळ बघ ना माझ्याकडे. एकच मिनिट."

"मला कामं पडलीयेत," थोरली म्हणाली आणि पातेली जरा जास्तच आपटली.

तिच्या पोटात दुखत होतं, आणि का दुखतंय तेही तिला पक्कं ठाऊक होतं. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना धाकटा पहिल्यांदा रस्त्यात पडलेला सापडला. कुणीतरी त्याच्यापाशी बसायला हवं होतं. ती बसली आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच. त्यानंतर रोज वेळेवर उठली, वेळेवर कामावर गेली. त्यासाठी आईनं शेजारणीला कधी हाक मारली नव्हती. जी पडलीच नाही, ती उठली म्हणून तिचं कोण कौतुक करणार?

चष्म्याच्या एका दुकानातल्या बाई धाकट्याला कामावर घ्यायला तयार झाल्या. आईनं त्याचा शर्ट थोरलीपुढे ठेवला. "तुझा हात बसलाय. जरा कडक कर हं."

थोरलीनं तो कडक केला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धुलाईघरामागच्या जिन्यात उभं राहून तिनं दुकानात फोन लावला.

"तुम्ही ज्याला कामावर घेताय ना, तो पिणारा आहे. नंतर म्हणू नका, कुणी सांगितलं नाही."

"पीत होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "अर्जातच लिहिलंय त्यानं." आणि पुढे म्हणाल्या, "हा नंबरही अर्जावर आहे. अडीअडचणीला ताईला कळवा, असं लिहिलंय."

थोरलीनं फोन ठेवला. दुपारभर एकाच चादरीवरून ती इस्त्री फिरवत राहिली.

संध्याकाळी तिनंच धाकट्याला सांगितलं. बाई त्याला काही बोलल्या नव्हत्या. त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली.

"का गं ताई?"

"बघवत नाही मला तुझं कौतुक. शिकायचं मला होतं."

तो आतल्या खोलीत निघून गेला. नोकरी त्याला मिळाली, पण नऊ दिवस तो तिच्याशी अक्षर बोलला नाही.

दहाव्या दिवशी थोरली त्याच प्रौढांच्या शाळेत गेली.

"अर्ज मुलासाठी?" कारकुनानं विचारलं.

"माझ्यासाठी. रुग्णसेवेचा वर्ग." तिनं वय न विचारताच सांगून टाकलं. "पंचेचाळीस."

महिन्याभरानं पहिली चाचणी झाली, औषधाच्या मात्रांच्या गणिताची. वीसपैकी नऊ. पेपर लपवायच्या आधीच धाकट्यानं तो टेबलावर पाहिला. त्या नऊ दिवसांनंतरही त्याचं बोलणं मीठ दे, दार लाव एवढ्यावरच होतं. आज तो वाकून पेपर वाचू लागला.

"दशांशचिन्ह चुकलंय बघ. पेशंटला दहापट औषध गेलं असतं."

थोरलीच्या अंगाची लाही झाली. आता हा मला शिकवणार! त्याला हे कसं चटकन दिसतं, आणि आपल्याला तासभर डोकं खाजवूनही दिसत नाही! पेपर ओढून घ्यावा असं तिच्या मनात आलं.

"मग नीट सांग ना," ती घुश्शातच म्हणाली. "उभ्यानं काय सांगतोस? बस."

तो बसला. तिनं पेन्सिल मात्र स्वतःच्याच हातात ठेवली.